पाळणाघराची फी तिच्याच पगारातून का वजा होते?

प्रसूतीची रजा संपायला पंधरा-वीस दिवस उरले की पुष्कळ घरांत एक हिशेब मांडला जातो. कधी दिनदर्शिकेच्या पाठीमागे, कधी मोबाइलवर, कधी नुसता तोंडी. तिचा पगार चाळीस हजार. पाळणाघर आणि बाळाला आणायला-सोडायला मावशी, मिळून अठरा हजार. जाण्यायेण्याचे, डब्याचे, बाकी वरखर्चाचे सहा हजार. उरले सोळा. मग कुणीतरी, बहुधा मायेनंच, म्हणतं, "सोळा हजारांसाठी कशाला एवढी ओढाताण? बाळ मोठं झालं की बघू परत."

वीस वर्षं मी पगारपत्रकं तयार करण्याचं काम केलं. राजीनाम्याच्या अर्जावर कारणाचा एक रकाना असतो, त्यात बायका "कौटुंबिक" एवढाच शब्द लिहितात. शेवटचा हिशेब हातात देताना मी त्यांना सहज म्हणून विचारायचे, आणि आकडे थोडे इकडेतिकडे करून बहुतेकींकडून हाच हिशेब ऐकायला मिळायचा. त्यात वजाबाकी चुकलेली नसायची. मांडणी चुकलेली असायची, आणि ती कुठे चुकते हे नीट उलगडून सांगावं असं मला फार दिवस वाटत होतं.

पहिली चूक रकान्याची. मूल दोघांचं आहे, पण त्याला सांभाळण्याचा खर्च तिच्या नावावर पडतो. गाडीचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो, म्हणून त्याला नोकरी परवडत नाही असं कुणी म्हणत नाही. घरभाडं, शाळेची फी, आईवडिलांची औषधं हा सगळा घरखर्च. पाळणाघर तेवढं तिच्या नोकरीचा खर्च. समजा नवऱ्याचा पगार साठ हजार आहे. मग घरात लाख रुपये येतात आणि त्यातले अठरा हजार बाळाच्या सांभाळावर जातात, म्हणजे शंभरातले अठरा. तेच पैसे फक्त तिच्या चाळीस हजारांतून वजा केले की शंभरातले पंचेचाळीस होतात. खर्च तेवढाच, पण एका मांडणीत तो झेपणारा दिसतो आणि दुसऱ्या मांडणीत नोकरी निरर्थक वाटायला लागते.

दुसरी चूक काळाची, आणि ती जास्त महाग पडते. सोळा हजार हा आजचा आकडा. पगार मात्र दरवर्षी थोडा थोडा वाढत जातो, आणि पुढची वाढ आधीच्या वाढलेल्या रकमेवर मिळते. चक्रवाढ व्याजासारखंच. आकडे घेऊन बघू. कर आणि महागाई बाजूला ठेवते. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तर चाळीस हजारांचे चार वर्षांनी सुमारे ५४,४०० होतात. या चार वर्षांत ती एकूण साधारण २१ लाख ६० हजार मिळवते. सांभाळाचा आणि येण्याजाण्याचा खर्चही दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवत नेला, तरी तो १३ लाखांच्या आसपास जातो. म्हणजे ओढाताणीच्या त्या चार वर्षांतही साडेआठ लाख हातात राहतात.

आता तिने नोकरी सोडली आणि चार वर्षांनी ती परतली असं धरू. जुन्या पगारावर, चाळीस हजारांवरच घेतलं असंही धरू. माझ्या अनुभवात एवढं मिळालं तरी नशीब म्हणायचं. तिथून पुढे तिलाही आठ टक्केच वाढ मिळाली, तरी न सोडलेल्या नोकरीच्या तुलनेत महिन्याला १४,४०० रुपयांची तफावत पहिल्याच दिवशी पडलेली असते आणि ती दरवर्षी रुंदावत जाते. पुढच्या दहा वर्षांत या तफावतीची बेरीज २५ लाख होते. शिवाय भविष्यनिर्वाह निधी, आपला पीएफ. तिच्या खात्यात दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला साडेतीन हजार जमा होत असतील, तर चार वर्षांचे होतात १ लाख ६८ हजार. आठ टक्के व्याजाने तेवढीच रक्कम पंचवीस वर्षं पडून राहिली असती तर साडेअकरा लाख झाली असती. दिनदर्शिकेच्या पाठीमागे यातला एकही आकडा नव्हता.

पैशासाठी नोकरी करावी की बाळासाठी सोडावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे आणि त्यात बाहेरच्याने बोलू नये. बाळाजवळ राहावंसं वाटलं म्हणून नोकरी सोडणाऱ्या बाईच्या निर्णयाबद्दल मला आदरच आहे. माझं म्हणणं इतकंच की "परवडत नाही" हे कारण देण्याआधी हिशेब पूर्ण मांडा.

नोकरी टिकवली म्हणजे सगळं जमलं, असंही नाही. नोकरी न सोडलेल्या बायकाही मागे पडतात, आणि त्यामागचं कारण अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी फार छान उलगडून दाखवलं आहे. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना एकटीला मिळालं, आणि हा सन्मान दुसऱ्या कुणाबरोबर वाटून न घेता मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी शिकागोच्या एका नामांकित संस्थेतून एमबीए झालेल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईचा माग काढला. सुरुवातीला दोघांचे पगार जवळजवळ सारखे होते. दहा-पंधरा वर्षांत त्यांत मोठं अंतर पडलं. परीक्षेतल्या गुणांच्या आणि निवडलेल्या विषयांच्या फरकाने त्यातलं थोडंच समजत होतं. बाकी अंतर नोकरीत पडलेल्या खंडामुळे आणि आठवड्याच्या कामाच्या कमी तासांमुळे होतं, आणि या दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा मूल होतं. डेन्मार्कमध्ये पाळणाघरं आणि पगारी रजा यांची सोय आपल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. तिथल्या अभ्यासातही पहिल्या बाळानंतर आईची कमाई दीर्घकाळ साधारण वीस टक्क्यांनी घटलेली दिसली, वडिलांच्या कमाईत मात्र तसा फरक पडला नाही.

असं का होतं? काही कामं हावरी असतात, असं गोल्डिन म्हणतात. रात्री नऊला फोन आला तरी उचलणारा, शनिवारी बोलावलं तर येणारा, उद्या बंगळुरूला जा म्हटलं की निघणारा माणूस अशा कामाला हवा असतो, आणि त्याला नुसतं जास्त कामाचे जास्त पैसे मिळत नाहीत, त्याच्या तासाचा भावच चढा असतो. म्हणजे साठ तास काम करणाऱ्याला तीस तासवाल्याच्या दुपटीपेक्षा बरंच जास्त मिळतं. घरात बाळ असेल तर ताप आला की धावायला कुणीतरी एक जण मोकळा हवाच. दोघांनीही हावरं काम घेतलं तर बाळाचे हाल, आणि दोघांनीही बेताचं काम घेतलं तर घराचं मोठं नुकसान. मग एक जण हावरं काम घेतो आणि दुसरी बेताचं घेते. यात कुणी दुष्ट नसतं. नवरा समंजस असतो, साहेबही बरा असतो. तरी दहा वर्षांनी तो विभागप्रमुख होतो, आणि ती अजून त्याच खुर्चीवर असते.

यावरचा उपाय गोल्डिन यांना औषधांच्या दुकानात सापडला, हे मला फार आवडतं. अमेरिकेत पूर्वी फार्मासिस्ट म्हणजे स्वतःच्या दुकानाचा मालक, वेळी-अवेळी हजर. पुढे मोठ्या साखळ्या आल्या, औषधं तयार वेष्टनात यायला लागली, रुग्णाची सगळी नोंद संगणकावर गेली. सकाळच्या फार्मासिस्टचं काम दुपारचा जसंच्या तसं पुढे चालवू लागला. अमुकच माणूस हवा ही गरज संपली आणि जास्त तास थांबणाऱ्याच्या तासाला चढा भाव राहिला नाही. आज तिथल्या फार्मासिस्टांत निम्म्याहून जास्त स्त्रिया आहेत आणि या पेशात स्त्री-पुरुषांच्या कमाईतलं अंतर फार कमी आहे. आपल्याकडे साहेब लोक "तुमच्याशिवाय अडतं" असं कौतुकाने म्हणतात. बाईने ते ऐकून खूश होण्याआधी आपलं काम दुसऱ्या कुणाला कळेल असं नोंदवून ठेवलं आहे का, हे तपासावं. रजेवर जाताना आणि परत येताना त्याचा उपयोग तिलाच होतो.

घराकडे बघितल्याशिवाय मात्र हे पुरं होत नाही. केंद्र सरकार वेळेच्या वापराचं सर्वेक्षण करतं. २०२४च्या सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. हे आकडे नीट वाचायला हवेत. ८८ मिनिटं ही सगळ्या पुरुषांची सरासरी नाही. जे पुरुष त्या दिवशी काही घरकाम करतात, फक्त त्यांची आहे. २०१९च्या सर्वेक्षणात दिवसभरात असं काही काम केलेल्या स्त्रिया ८१ टक्के होत्या आणि पुरुष २६ टक्के. बाकीच्यांनी चहाचा कपही विसळलेला नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी यशस्वी बायकांची नोकरी प्रत्यक्षात एका आजीवर आणि एका मावशीवर उभी असते. आजीचे गुडघे दुखायला लागले की ती नोकरी डळमळते. आणि त्या मावशीचं स्वतःचं मूल दुपारी कुणाकडे असतं, हे आपण क्वचितच विचारतो.

आता कायद्याकडे येते, कारण हक्क माहीत नसल्यामुळे झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

लग्न आणि बाळंतपण या कारणांवरून नोकरी जाणं ही एके काळी सर्रास गोष्ट होती, तीही लेखी नियमाने. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग विभागातल्या मुलीचं लग्न झालं की नोकरी संपायची. विवाहित बायका जास्त गैरहजर राहतात, हे कंपनीचं कारण. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६५ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द करायला लावला. मुलांमुळे गैरहजेरी वाढते म्हणता, मग मुलं असलेल्या विधवांचं काय, त्यांना तर तुम्ही घेता, असा साधा मुद्दा न्यायालयाने मांडला होता. एअर इंडियात पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीला सेवानिवृत्त करत. १९८१ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरला. (नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, हा नियम मात्र त्याच निकालात कायम राहिला.) १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार देण्याचं प्रकरण न्यायालयाने निकाली काढलं. संघटनेशी तसा करार झाला आहे आणि आमची आर्थिक स्थितीही बरी नाही, अशी कंपनीची बाजू होती. समान कामाला समान पगार देणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

प्रसूती लाभाचा कायदा १९६१चा. २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि पुढे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी जवळपास तशाच आल्या. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. तिसऱ्या मुलासाठी बारा आठवडे. गर्भपात झाला तर सहा आठवडे, आणि ही रजा मागायची असते हेच पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. त्या दुःखात तिसऱ्या दिवशी कामावर आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. या रजेच्या काळात नोकरीवरून काढणं बेकायदेशीर आहे. कंत्राटावर असाल तरी मुकाट बसू नका. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पात्रता असेल तर कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण द्यावा लागतो. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे, हे २००० सालच्या दिल्ली महापालिकेच्या प्रकरणातच ठरलं.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकाला बंधनकारक आहे. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा आहे. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याबद्दल दोन्ही बाजूंनी ठरवता येतं. हे सगळं नोकरीवर घेतानाच लेखी कळवण्याची जबाबदारीही मालकावर आहे. तुमच्या नेमणूकपत्राबरोबर असा कागद आला होता का, आठवून बघा. आला नसेल तर ईमेल करून मागा. तोंडी विचारू नका. पगारपत्रकांच्या कामात मी एवढं नक्की शिकले की जे लिहिलेलं आहे त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

या कायद्यात एक मोठी उणीव आहे. २६ आठवड्यांचा पगार त्या एकट्या मालकाच्या खिशातून जातो. चाळीस हजार पगाराच्या बाईमागे दोन लाख चाळीस हजार, वर बदली माणसाचा पगार. हजार माणसांच्या कंपनीला ते जाणवत नाही, पण पंधरा माणसांच्या कारखान्याचा मालक मुलाखतीतच मनात हिशेब करतो आणि मुलाला नेमतो. त्याने तसं करणं चूकच आहे, पण कायद्यानेच त्याला त्या हिशेबाकडे ढकललं आहे. हा खर्च सामाईक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं फार जुनं धोरण आहे. आपल्याकडे कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, तशी सोय आहे. त्यात पैसे विम्याच्या निधीतून मिळतात. पण ती महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच लागू. ही मर्यादा ओलांडली की सगळा भार पुन्हा मालकावर. मला विचाराल तर रजेचे आठवडे आणखी वाढवण्याआधी पैसे कुठून येणार याची नीट सोय लावायला हवी.

आणि कायद्याच्या दहा माणसांच्या चौकटीबाहेर तर केवढं मोठं जग आहे. बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई नवऱ्याबरोबर मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एकच एकक, धरली जाते. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ मजुरी, दोघांच्या नावावर. पाळी असो, गरोदरपण असो, एक दिवस घरी राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड. जिल्ह्यातल्या किती जणींची गर्भाशयं काढली आहेत हे २०१९ मध्ये शासनाच्या समितीने तपासलं. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. करिअर हा शब्द त्यांच्यासाठी कुणी वापरत नाही. पण वीस-वीस वर्षं करण्याचं, कौशल्याचं काम तेही आहे, आणि बाईच्या शरीराला कामाची अडचण मानण्याची रीत तिथे सर्वांत उघडपणे दिसते.

आता ज्या नोकरी सोडायच्या विचारात आहेत किंवा ज्यांनी ती आधीच सोडली आहे, त्यांच्यासाठी थोडं. रजा आणि राजीनामा यांत फरक करा. सहा महिने बिनपगारी रजा मंजूर होत असेल तर ती राजीनाम्यापेक्षा कितीतरी बरी, कारण सेवा अखंड राहते. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात, आणि प्रसूतीच्या रजेचे २६ आठवडे त्यात धरले जातात. साडेचार वर्षांवर राजीनामा देणारीला मी नेहमी हात जोडून थांबवायचे.

पीएफ काढू नका. लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला पीएफ लगेच काढता येईल, इतरांसारखं दोन महिने थांबावं लागणार नाही, अशी सवलत अनेक वर्षं नियमांतच होती. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण बाईची म्हातारपणाची पुंजी लग्नखर्चात वाहून जायला त्या सवलतीने वाट मोकळी करून दिली. माझ्या टेबलावरून असे कितीतरी अर्ज गेले आणि तेव्हा मला थांबवायचं सुचलं नाही, याची खंत आहे. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक, तोच ठेवा. नवी नोकरी लागली की जुनी शिल्लक तिथे वळवून घ्या.

पेन्शनचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे सर्वांत जास्त जणी फसतात. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत ५८व्या वर्षापासून पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची सेवा लागते. ती सलग असायलाच हवी असं नाही. सात वर्षं नोकरी केलेली बाई फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेते, आणि ती सात वर्षं पुसली जातात. त्याच फॉर्मवर दुसराही पर्याय असतो, स्कीम सर्टिफिकेटचा. ते घेतलं की सात वर्षं तशीच नोंदलेली राहतात. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कुठल्याही शहरात पीएफ लागू असलेली नोकरी मिळाली की ते तिथे द्यायचं. मोजणी आठव्या वर्षापासून पुढे सुरू होते.